रुखवतातला पाट

बेलव्ह्यू, १४ सप्टेंबर

सुलेखाताई,

नमस्कार. आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं, तुम्ही वाचाल आणि तुमच्या लेकाला, प्रतापला म्हणाल, बघ, ढोंग बघ बाईचं. म्हणून नुसता नमस्कार.

फोनच करणार होते, पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. मी आमच्या निमिषला विचारलं, अरे, शिकागोला रिंग का जात नाही? त्याने फोन हातात घेतला, बघितला आणि माझ्या हातात परत ठेवला. त्यावरून समजलं. असो. वीजमंडळाच्या तक्रार खिडकीवर उभी हयात गेली माझी, लोक तोंडावर शिव्या घालून जायचे. तुमच्या ब्लॉकने माझं काय वाकडं होणार? पत्र तरी ब्लॉक करता येत नाही.

तेराव्याच्या दिवशी आपण एकमेकींना जे बोललो, ते मी आज काढत नाही. आश्लेषा पलंगावरून उतरायला गेली आणि पडली, तेव्हा तिच्याजवळ कोण असायला हवं होतं, तुम्ही की मी, यावर आता भांडून ती काही परत येणार नाही. तुम्हाला वाटतं मी. मला वाटतं तुम्ही. राहू दे.

तुमचा नातू बरा आहे. पहिलीत गेला. पुढचा दात पडलाय. हसला की हुबेहूब आश्लेषा दिसते. मला ते बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

आता कामाचं. उन्हाळ्यापासून कुशचं पोट बिघडलंय. थोडे थोडे जुलाब होतात, चड्डीतच. विचारलं की म्हणतो, "आय डिडन्ट नो." सहा वर्षांच्या घोड्याला कळत नाही म्हणे! मी जायफळ उगाळून दिलं, साबुदाण्याची पेज दिली, दहीभात, केळं, सगळं केलं. काडीचा फरक नाही. आश्लेषाचंही पोट लहानपणी नाजूक होतं असं ती सांगायची. तेव्हा तुम्ही काय द्यायचात, तेवढं कळवा.

चड्ड्या मी टबमध्ये हाताने धुते, निमिष घरी यायच्या आत. तो रागावत नाही हो. तो गप्प होतो, आणि ते मला सोसत नाही.

शाळेत सगळं छान चाललंय. काळजी नसावी.

शैलजा

*

बेलव्ह्यू, ३ ऑक्टोबर

सुलेखाताई,

कार्ड मिळालं. वर गुलाब, आत एकच ओळ: "कुशला माझ्याकडे पाठवा." धन्य आहे तुमची! मी विचारलं औषध आणि तुम्ही मागितलं पोर. फाडून टाकणार होते, पण कुशने तोवर वरचा गुलाब कापून वहीत चिकटवला होता.

जुलाब नव्हतेच, सुलेखाताई. उलटंच होतं.

आणि शाळेत सगळं छान चाललंय हेही खरं नव्हतं. शाळेतून दोनदा फोन आला होता. मुलं त्याच्याशेजारी बसत नाहीत. वर्गातल्या एकाचा वाढदिवस होता, तिथून येताना त्या मुलाच्या आईने गाडीत कचऱ्याची पिशवी अंथरून कुशला त्यावर बसवून घरी आणलं. घरी येऊन तो मला खुशीत सांगतो, "आज्जी, आय गॉट अ स्पेशल सीट!" मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. त्या बाईला तरी काय बोलू? गाडी तिची.

मग निमिष आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेला. तरुण पोरगी आहे, केसांना निळा रंग लावलेला. म्हटलं, ही काय बघणार! पण तिने पोट चाचपलं, आतला एक्स-रे फोटो काढला आणि कागदावर चित्र काढून कुशलाच समजावून सांगितलं. तो शी धरून ठेवतोय. कितीतरी महिन्यांपासून. आत साठून साठून ती घट्ट झालीय, त्याने आतडं ताणलं गेलंय, म्हणून आल्याची जाणीवच होत नाही. आणि त्या घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ तेवढं झिरपतं. त्यालाच आपण जुलाब समजत होतो. म्हणजे जे पोर आधीच तुंबलेलं, त्याला मी वरून जायफळ पाजत होते! डॉक्टर म्हणाली, खूप घरांत हीच गल्लत होते. तेवढ्याने माझं समाधान होणार आहे का?

तिने निमिषला बजावलं: हा हट्ट नाही, आळस नाही, घाणेरडी सवय नाही. रागावायचं नाही. आधी पावडरीने पोट साफ करायचं, मग रोज थोडी पावडर चालू ठेवायची, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. महिने लागतील, कदाचित वर्ष. पाणी, फळं, भाज्या. आणि जेवण झालं की दर वेळी थोडा वेळ कमोडवर बसवायचं, झाली नाही तरी शाबासकी द्यायची.

"पहिल्यांदा धरून का ठेवली असेल?" तिने विचारलं. निमिष म्हणाला, याची आई मार्चमध्ये गेली. तिने मान हलवली, म्हणाली, असू शकतं. मुलं सांगत नाहीत, पोट सांगतं. कुश तेव्हा काचेच्या पेटीतले मासे बघत होता.

आणखी एक, आणि रागावू नका. पाय अधांतरी लटकले तर जोर करता येत नाही, पायाखाली काहीतरी ठेवा असं ती म्हणाली. घरात त्या उंचीचं एकच होतं: तुम्ही रुखवतात दिलेला पाट. कोयरी काढलेला. तो सध्या बाथरूममध्ये आहे. विहिणीचा पाट कमोडखाली घातला म्हणून नागपूरभर माझी बदनामी करा, खुशाल करा. पण कुशचे पाय त्याच्यावर बरोबर टेकतात.

पोरगं पाठवणार नाही.

शैलजा

*

बेलव्ह्यू, २२ ऑक्टोबर

सुलेखाताई,

दिवाळीच्या शुभेच्छा लिहायच्या नाहीत या वर्षी, तरी हात लिहायला गेलाच.

पोट एकदा साफ झालं. ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही, तुम्हीही मुलं वाढवलीत. आम्हाला वाटलं, सुटलो. पण नंतर पुन्हा तेच. जेवला की शहाण्यासारखा जाऊन बसतो. पाटावर पाय, हातात गाड्यांचं पुस्तक. काही नाही. उतरतो. मग थोड्या वेळाने सोफ्यामागे जाऊन ताठ उभा राहतो, पायाला पाय आवळून, तोंड लाल, कपाळावर घाम. करायला जोर लावत नाही हो तो, थांबवायला लावतो. मी हात धरला की म्हणतो, "नो नो नो, आय ॲम ओके." एवढंसं पोर आणि एवढा निग्रह. कुणाशी लढतोय, देव जाणे.

लक्ष्मीपूजनाला निमिषच्या ऑफिसमधली राधिका आणि तिचा नवरा आले होते. सण-बिण नको म्हणाले, नुसतं भेटायला येतो. चिवडा खात बसलो होतो आणि गालिच्यावर झालं. राधिका बिचारी लगेच म्हणाली, "अहो होतं काकू, मुलं आहेत." पण निमिष उठला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "यू आर नॉट अ बेबी, कुश!" कुशने ओरडा खाल्ला, रडला नाही. खोलीत गेला आणि नवा झब्बा काढून, घडी घालून ठेवला. घडी, सुलेखाताई! सहा वर्षांच्या मुलाने! निमिष मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. मी त्यालाही रागावू शकले नाही. त्याचीही बायको गेलीय.

तुमचं म्हणणं खरं होणार, असं दिसतंय. माझी इथली व्हिसाची मुदत जानेवारीत संपते. शाळेनंतर जिथे मुलांना ठेवतात, तिथून कळवलंय, असंच होत राहिलं तर आम्हाला ठेवता येणार नाही. निमिषचं ऑफिस सुटतं सहाला. काल तो म्हणाला, "आई, थँक्सगिव्हिंगला त्याला शिकागोला सोडून येतो. आश्लेषाच्या आई आहेत, प्रताप आहे, घरात माणसं आहेत. मला नाही जमत." तिकिटं काढली. सव्वीस नोव्हेंबर.

घ्या. जिंकलात. मनातून मी अजून जळतेय, पण पोराचे हाल व्हायला नकोत, म्हणून सांगून ठेवते. पावडर सकाळी, सफरचंदाच्या रसात, नुसत्या पाण्यात दिली तर पीत नाही. बसवायचं जेवल्यावर, घाई करायची नाही. 'झाली का, झाली का' असं दाराबाहेरून विचारत राहायचं नाही, मी विचारायचे आणि त्याचा उपयोग होत नाही. झालं चड्डीत, तर नाक मुरडायचं नाही. त्याला वास येत नाही आता, पण आपलं तोंड दिसतं. पाट बरोबर पाठवीन.

त्याला शाळेत कुणी मित्र उरला नाहीये, तेव्हा तिथे पहिल्या दिवशी कुणाला तरी घरी बोलवा.

शैलजा

*

बेलव्ह्यू, ९ नोव्हेंबर

सुलेखाताई,

हे पत्र बसून वाचा. प्रताप घरी असेल तेव्हा वाचा.

आज रविवार. निमिष किराणा आणायला गेला होता. जेवणं झाली, कुशला बसवलं आणि मी बाहेर सोफ्यावर जरा टेकले. डोळा लागला. जाग आली तेव्हा पोरगं बाथरूमच्या दारात उभं. चड्डी पायात, दोन्ही पाय आवळलेले, घामाने केस चिकटलेले.

म्हटलं, "अरे, काय झालं? येतेय ना? मग बस की!"

"यू वर स्लीपिंग."

"मग? मी झोपले म्हणून काय तुझी शी थांबते?"

"झाली की हाक मारावी लागते," तो मराठीत म्हणाला. आश्लेषा गेल्यापासून हा माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. "हाक मारली की तू उठशील."

"उठेन की! त्यासाठीच तर आहे मी इथे."

"आणि पडशील."

मला आधी उमगलंच नाही. मग तो बोलत गेला, थोडं मराठी, थोडं इंग्रजी, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

तुम्हाला आठवत असेल, आश्लेषाचा तो दवाखान्यातला पलंग आपण हॉलमध्ये लावला होता, बाथरूमच्या दाराला लागून. कुश आधी रोज आत बसायचा आणि झाली की ओरडायचा, "आईऽऽ, झालीऽऽ!" आपल्याकडची सगळीच मुलं ओरडतात तसा. आणि ती जायची पाण्याचा लाल मग घेऊन, धुवायला. आजारी पडली तरी कितीतरी दिवस जात होती. मग आपण जायला लागलो, कधी तुम्ही, कधी मी. पण हाक आईलाच मारायचा.

त्या दिवशीही त्याने हाक मारली. तुम्ही वर आंघोळीला गेला होतात, मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला होता. आपल्याला दोघींनाही ऐकू आली नाही. तिला आली.

ती त्याच्यासाठी उठली होती, सुलेखाताई. पाण्यासाठी नाही, भ्रमात नाही. पोराची शी झाली होती, म्हणून उठली होती.

आणि ती पडल्यावर आपण सगळे तिच्याकडे धावलो. मोडलेला पाय, रुग्णवाहिका, आरडाओरडा. आत कमोडवर पोरगं बसलंय हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. तो म्हणतो, मी खूप वेळ बसलो. मग माझी मीच चड्डी घातली. कुणी धुतलं नाही.

तीन आठवड्यांनी ती गेली. डॉक्टर सांगत होते, पडली नसती तरी इतकेच दिवस होते. पण ते आपल्याला सांगितलं, त्याला कुणी सांगितलं? आणि तेराव्याला आपण दोघी काय ओरडत होतो, आठवतं? "ती उठलीच कशाला? कुणी उठू दिलं तिला?" तुम्ही मला, मी तुम्हाला. जेवणाच्या टेबलाखाली तो गाड्या खेळत होता. उत्तर त्या एकट्यालाच माहीत होतं.

तेव्हापासून तो हाक मारत नाही. हाक मारायची नाही, तर मग शी करायची नाही. त्याचा हिशेब सरळ आहे, त्यात चूक काढून दाखवा.

मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, बाळा, आई आजाराने गेली, तुझ्या हाकेने नाही. तो 'ओके' म्हणाला. तुम्हाला माहितेय त्याचा ओके. विश्वास बसलेला नाही. मी त्याच्या बापाची आई. त्याला हे आश्लेषाच्या आईकडून ऐकायला हवं. तुमच्या पाया पडते, मला ब्लॉकच ठेवा हवं तर, पण निमिषच्या फोनवर फोन करा.

शैलजा

*

बेलव्ह्यू, २३ नोव्हेंबर

सुलेखाताई,

सप्रेम नमस्कार. या वेळी खोडत नाही.

परवा फोनवर आपण दोघी रडण्यातच इतका वेळ घालवला की बोलायचं राहूनच गेलं. म्हणून पुन्हा पत्र.

पत्र मिळताच तुम्ही कुशला फोनवर काय सांगितलंत ते मी दाराआडून ऐकलं, लपवत नाही. "तुझी आई लहान होती तेव्हा तीपण अशीच ओरडायची, आणि मी ओरडून सांगायची, आले गं राणी, आले. मला त्या हाकेचा कधी कंटाळा आला नाही. तुझ्या आईला सगळ्यांनी पडून राहा, पडून राहा सांगितलं होतं. तुझ्या हाकेने तिला एकदा आई होऊन उठता आलं. त्याने ती मेली नाही रे." असं म्हणालात. मला नसतं सुचलं. मी दाराआड पदर तोंडात धरून उभी होते. कुशने विचारलं, "यू आर नॉट मॅड?" तुम्ही म्हणालात, "नाही रे सोन्या." त्यावर तो तुम्हाला कॅमेऱ्यासमोर गाड्यांचं पुस्तक दाखवू लागला.

लगेच काही झालं नाही. पावडर चालू, बसणं चालू, अपघातही चालू. डॉक्टरला सगळं सांगितलं, तिने मुलांशी बोलणाऱ्या एका बाईंकडे पाठवलंय, पुढच्या महिन्यापासून. आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागेलच, म्हणाली.

काल शनिवार असूनही दुपारी निमिष घरून काम करत होता. खोलीचं दार उघडं, कानाला हेडफोन, मीटिंग चालू. मी पोळ्या लाटत होते. कुश आत बसला होता. आणि आतून आवाज आला. आधी अगदी हळू, घोगरा, सवय मोडल्यासारखा. मग मोठा.

"आईऽऽ, झालीऽऽ!"

माझं लाटणं हातातच राहिलं. हाक मला नव्हती ना. तिला होती. तिथे हॉलमध्ये पलंग नाही, काही नाही, नुसतं ऊन पडलेलं, आणि पोरगं आत वाट बघत बसलंय. पुन्हा हाक आली नाही. मला वाटलं, गेलं, परत मिटलं पोर. ओरडून 'आले' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात निमिषची खुर्ची सरकली. हेडफोन कानाला तसाच, मीटिंग तशीच चालू. तो हॉलमधून धावत गेला आणि मोठ्याने ओरडला, "आलो रे राजा, आलो!" तुमचंच वाक्य. आश्लेषाही तेच ओरडायची, तो म्हणाला नंतर. आतून पाण्याचा आवाज आला. मग बापलेक दोघांचाही रडण्याचा. मार्चपासून निमिष रडला नव्हता. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातच थांबले.

संध्याकाळी त्याने कुशचं तिकीट रद्द केलं. हे त्याने तुम्हाला सांगितलंच असेल. तुम्हाला वाईट वाटलं असणार, कळतंय मला. खोली लावून ठेवली होतीत, प्रतापने नवी चादर आणली होती. पण आता ऐका. या मुलाने हाक मारायला जागा पुन्हा शोधलीय, ती याच घरात, याच दाराआड. ती आता बदलायची नाही. मुलगा हलवायचा नाही, सुलेखाताई. आज्या हलवायच्या. जानेवारीत मी जाते, तुम्ही या. माझ्या खोलीला ऊन येत नाही, तेवढं सोसा. डबे लावून ठेवलेत, मसाल्याचा माझा आहे तसाच ठेवा, हवं तर आत तुमचा मसाला भरा. पाट आहे तिथेच राहू दे. सोडून जायचं म्हटलं की मला जेवण जात नाही, पण ते माझं मी बघेन.

निमिष त्याला हळूहळू स्वतःचं स्वतः धुवायला शिकवणार आहे. शिकेल. पुन्हा मधेच अडेल, चड्ड्या खराब होतील, त्याने घाबरायचं नाही. आणि एक गोष्ट मात्र मी तुम्हाला विहीण म्हणून नाही, हात जोडून सांगते.

तुम्ही स्वयंपाकघरात असाल आणि आतून हाक येईल. ती आश्लेषाच्या नावाने येईल. आज सकाळीही तशीच आली. तुमच्या काळजाचं पाणी होईल, माझं होतंच. पण त्याला 'आई नाही रे, आजी' असं म्हणून दुरुस्त करायचं नाही. मोठ्याने 'आले' म्हणायचं आणि लाल मग घेऊन उठायचं.

तुमची
शैलजा